लेझर ऑप्टिक्समध्ये एमएस-पीएचडी करायचीय? आधी लॅब बघा, मग युनिव्हर्सिटी

लेझरमध्ये पुढे शिकायचं ठरलं की बरेच जण पहिल्यांदा रँकिंग उघडून बसतात, तिथून सुरुवात करू नका. हा विषय ऑप्टिकल टेबलवर उभं राहूनच येतो, त्यामुळे कोणाच्या लॅबमध्ये, कुठल्या लेझरवर हात बसणार आहे ते आधी बघा.

डिपार्टमेंटच्या नावावर जाऊ नका. अमेरिकेत रॉचेस्टर युनिव्हर्सिटीत 1929 पासून वेगळी ऑप्टिक्स इन्स्टिट्यूट आहे, अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीत आणि ऑरलँडोच्या क्रिऑलमध्येही (सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचं ऑप्टिक्स कॉलेज) ऑप्टिक्सला स्वतंत्र घर आहे, पण खूप ठिकाणी हेच काम फिजिक्स किंवा इलेक्ट्रिकलमध्ये चालतं. फरक कोर्सेसमध्ये पडतो: ऑप्टिक्सवाल्यांकडे लेन्स डिझाइन, इंटरफेरोमेट्री असले विषय नीट शिकवतात, फिजिक्समध्ये गेलात तर क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सची तयारी ठेवावी लागते.

मग आवडीचा भाग निवडा (अल्ट्राफास्ट, फायबर लेझर, नॉनलिनिअर, क्वांटम, इमेजिंग, काहीही) आणि त्या ग्रुपचे मागच्या तीनेक वर्षांचे पेपर काढा. पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा. विद्यार्थ्यांची नावं पुढे असतील तर तिथे विद्यार्थ्यांना खरं काम मिळतं. चर्प्ड पल्स अ‍ॅम्प्लिफिकेशनचा 1985 चा पेपर घ्या, पल्स आधी ताणायचा, मग अ‍ॅम्प्लिफाय करायचा आणि शेवटी परत दाबायचा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर जळत नाही, ही ती पद्धत. त्यावर पहिलं नाव डॉना स्ट्रिकलंडचं आहे, तेव्हा त्या पीएचडीच्या विद्यार्थिनी होत्या, गाइड जेरार मूरू दुसरे, आणि 2018 चं नोबेल दोघांना त्याच कामासाठी मिळालं.

प्रोफेसरला मेल छोटा करा. त्यांचा एक पेपर खरोखर वाचून एक नेमका प्रश्न विचारा, स्तुती नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोला: लेझर बंद पडला की दुरुस्त कोण करतं, अलाइनमेंट (बीम नेमकी जागेवर आणणं) स्वतः करता की पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेला संशोधक, करतो, फंडिंग डिग्री संपेपर्यंत आहे का, आधीचे लोक किती वर्षांत बाहेर पडले. उत्तर देताना कोणी घुटमळलं तर तेही उत्तरच समजा.

जायच्या आधी गॉसियन बीम (मध्ये सगळ्यात तेजस्वी, कडेला फिकट होत जाणारी) आणि फूरिए ट्रान्सफॉर्म पक्के करा, अर्ध्या गोष्टी तिथूनच निघतात. हिलियम-निऑन लेझरची बीम 632.8 नॅनोमीटरची असते, तिची वेस्ट त्रिज्या, म्हणजे सगळ्यात बारीक जागची त्रिज्या, 0.5 मिलिमीटर धरली तर रेली रेंज साधारण 1.24 मीटर येते, म्हणजे तेवढ्या अंतरावर बीमचा एरिया दुप्पट होतो. हे गणित एकदा स्वतः करून बघा, मग पायथनमध्ये प्लॉट काढा. कुठे लॅब मिळत असेल तर दोन आरसे आणि दोन आयरिस (मध्ये लहान-मोठं करता येणारं भोक असलेल्या चकत्या) घेऊन बीम वॉक शिका: पहिल्या आरशाने बीम जवळच्या आयरिसच्या मध्यावर आणायची, दुसऱ्याने लांबच्या, आणि दोन्हीत बरोबर मध्ये येईपर्यंत आलटून पालटून हेच करायचं. सुरुवातीला वैताग येतो, येऊ द्या, पुढे रोजचं काम हेच आहे.

सेफ्टी ट्रेनिंग उरकून टाकायची गोष्ट नाही. अखंड चालणारा लेझर 500 मिलिवॉटच्या वर गेला की क्लास 4 मध्ये येतो, तिथे भिंतीवरून विखुरलेला प्रकाशसुद्धा डोळ्याला इजा करू शकतो. एनडी-यॅग लेझरचा 1064 नॅनोमीटरचा प्रकाश दिसतच नाही, आणि टायटॅनियम-सफायर लेझरचा 800 च्या आसपासचा फिकट लाल दिसतो म्हणून कमजोर वाटतो, प्रत्यक्षात तो खूप जोरदार असू शकतो. गॉगल त्याच वेव्हलेंग्थचा हवा आणि त्यावरचा ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे गॉगल प्रकाश किती अडवतो) आकडा वाचा, 5 म्हणजे लाखातला एक भाग आत येतो. घड्याळ-अंगठी काढून ठेवा, डोळे कधीच बीमच्या उंचीला आणू नका. लॅब बघायला गेलात आणि लेझर चालू असताना लोक गॉगल न घालता फिरताना दिसले, तर प्रोफेसर कितीही मोठे असोत, दुसरी लॅब शोधा.