मुलांना घेऊन महाराष्ट्रातील संग्रहालये कशी पाहावीत

मुलांना संग्रहालय दाखवायचे ठरले, की बहुतेक पालक राज्यातील सर्वांत मोठ्या आणि प्रसिद्ध संग्रहालयापासून सुरुवात करतात. तिकिटे काढली आहेत तर एकही दालन सुटता कामा नये, असा बेत ठरतो, आणि दुसऱ्या दालनातच मुलाचे पाय दुखू लागतात. ज्या वस्तूंमधले काहीच उमगत नाही, त्यांच्यापुढे ताटकळत उभे राहण्याचा कंटाळा मोठ्यांनाही येतो. मोठी माणसे तो बोलून दाखवत नाहीत, इतकेच. म्हणून कोणते संग्रहालय आधी आणि कोणते नंतर, हे तेथील वस्तू मुलाला किती ओळखीच्या वाटतील यावरून ठरवावे. घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तू सर्वांत आधी, मग शस्त्रे आणि मूर्ती, त्यानंतर चित्रे, आणि उत्खननात सापडलेली खापरे व नाणी सर्वांत शेवटी, असा क्रम माझ्या मते सोयीचा आहे.

या क्रमाने जायचे, तर सुरुवातीला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतकी चांगली जागा दुसरी नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून हा संग्रह एकट्याच्या हिमतीवर जमवला, त्याला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव दिले आणि पुढे तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयात पाऊल टाकण्याआधी एवढी हकिकत मुलांना जरूर सांगावी, कारण हे सारे एका माणसाने जमवले आहे हे कळले, की मुले त्याच्या नजरेने पाहू लागतात. संग्रहात सुमारे 20,000 वस्तू असून त्यांपैकी साधारण 2,500 मांडलेल्या असतात. त्या सगळ्या पाहण्याचा हट्ट मुळीच धरू नये. दिवे, अडकित्ते, कुलपे, वाद्ये आणि स्वयंपाकघरातील भांडी यांपैकी दोनच प्रकार मुलाला निवडू द्यावेत आणि तेवढेच मनसोक्त पाहावेत.

अडकित्त्यांचेच घ्या. सुपारी कातरायचे हे साधन आज पुष्कळ घरांतून नाहीसे झाले आहे, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलाला ते काय आहे हे सहसा ओळखता येत नाही, आणि नेमका हाच आपला फायदा आहे. ‘हा अडकित्ता’ असे लगेच सांगून टाकू नये. दोन दांड्या कुठे जोडल्या आहेत, धार एकाच पात्याला आहे की दोन्हींना, हाताने दाबल्यावर जोर कुठे येईल, एवढे विचारले तरी मूल आपणहून कात्रीपर्यंत किंवा पकडीपर्यंत येऊन पोहोचते. मग त्यातील एखादा पक्ष्याच्या आकाराचा का घडवला असेल, एखाद्याला माणसाचे रूप का दिले असेल, असे पुढचे प्रश्न ते स्वतःच विचारू लागते. रोजच्या वापरातील वस्तू सुंदर करण्याची हौस त्या काळच्या कारागिरांना आणि गिऱ्हाइकांना किती होती, हे अशा वेळी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना या दालनांत पुढे करावे आणि आपण गप्प राहावे. वज्री, लामणदिवा, समई यांच्याबद्दल आजी जे सांगेल, ते माहितीफलकावर कधीच सापडणार नाही. याच संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्याची पुन्हा उभारणी केली आहे. मुलांना खोलीत उभे राहिल्यासारखे वाटते म्हणून तो शेवटी दाखवावा.

मुंबईकरांनी अशीच सुरुवात भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापासून करावी. 1872 साली लोकांसाठी खुले झालेले हे शहरातील सर्वांत जुने संग्रहालय आहे. ज्यांचे नाव 1975 साली त्याला देण्यात आले, ते भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे, पेशाने डॉक्टर आणि प्राचीन लेखांचे अभ्यासक होते. इमारत फार मोठी नाही, त्यामुळे मुले दमत नाहीत. येथील मातीची छोटी माणसे मुलांना विशेष आवडतात. त्यांची पागोटी, टोप्या आणि नेसण्याच्या तऱ्हा पाहून कोण कोणता व्यवसाय करत असेल हे ओळखण्याचा खेळ सहज अर्धा तास चालतो. बाहेर पडल्यावर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती चुकवू नये. पोर्तुगिजांनी घारापुरी बेटाला एलिफंटा हे नाव याच हत्तीवरून दिले. पुढे इंग्रजी अमदानीत तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला, आणि त्याचे तुकडे मुंबईत आणून कालांतराने जोडण्यात आले. सांधे कुठे कुठे आहेत ते मुलांना हत्तीभोवती फिरून शोधायला लावावे. संग्रहालय राणीच्या बागेच्या आवारातच आहे. प्राणी आधी पाहिले, तर मुले संग्रहालयात यायला तयार होत नाहीत, हे ध्यानात ठेवून क्रम लावावा. हे संग्रहालय आणि राणीची बाग, दोन्हींना बुधवारी सुटी असते.

मुंबईतल्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पाळी यानंतर यावी. इमारतीपासूनच आरंभ करावा. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेल्या या इमारतीचा पायाचा दगड 1905 साली बसवला गेला, पण पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला आणि संग्रहालय म्हणून ती 1922 साली खुली झाली. घुमट पाहताना विजापूरच्या गोलघुमटाचे छायाचित्र मोबाइलवर जवळ ठेवले, तर दोहोंतील साम्य मुलांच्या लगेच लक्षात येते.

आत गेल्यावर शस्त्रांच्या दालनाकडे धाव घेणाऱ्या मुलांना अडवू नये, फक्त त्यांना हळू करावे. तलवार कुठल्या राजाची होती, या प्रश्नापेक्षा ती धरायची कशी, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. तलवारीची मूठ आणि आपली मूठ यांची काचेबाहेरून तुलना करावी. पुष्कळ मुठी अपेक्षेपेक्षा लहान असतात आणि त्याचे मुलांना नवल वाटते. दांडपट्टा दिसला, तर त्याच्या मुठीऐवजी जे हातमोज्यासारखे लोखंडी आवरण असते, ते हात कुठपर्यंत झाकते आणि मग मनगट वळवता येईल का, असे विचारावे. मनगट वळत नसेल तर वार खांद्यापासून फिरवावा लागत असणार, इथपर्यंत दहा वर्षांचे मूल स्वतःच्या तर्काने येते.

मूर्तींच्या दालनात मोठ्यांची गाडी अडते, कारण तेथे काय बोलावे हे सुचत नाही. यासाठी एक साधी रीत आहे: आधी हात मोजावेत, मग हातांत काय आहे ते पाहावे, मग पायाशी किंवा आसनाखाली वाहन शोधावे, आणि त्यानंतरच देवतेचे नाव सांगावे. गरुड, नंदी, उंदीर, मोर, हंस ही वाहने आपल्याकडील मुलांना गोष्टींतून माहीत असतातच, त्यामुळे फलक न वाचता देवता ओळखल्याचा आनंद त्यांना मिळतो. ऐहोळेच्या मंदिरांतील छताचे शिल्पपट या संग्रहालयात आहेत. आज आपण ते भिंतीवरील शिल्पांसारखे समोरून पाहतो, पण मूळ जागी ते डोक्यावर होते, हे सांगून मुलांना ते मान वर करून पाहत असल्याची कल्पना करायला सांगावी. मूर्तीचे हात किंवा नाक तुटलेले असेल, तर मुले हमखास ‘कोणी तोडले?’ असे विचारतात. फलकावर कारण दिलेले नसेल, तर आपण मनाने कोणतेही उत्तर ठोकून देऊ नये. जमिनीत पुरले जाणे, मंदिर कोसळणे, हलवताना फुटणे, मुद्दाम तोडले जाणे ही सगळीच कारणे शक्य असतात, एवढे सांगणे पुरे. या आवारात मुलांसाठी वेगळे बालसंग्रहालयही आहे. लहान भावंड बरोबर असेल तर एका पालकाने त्याला तिकडे न्यावे. दोघांनाही सर्व दालनांतून फरफटत नेण्यात कोणाचेच भले नाही.

चित्रांसाठी थोडी वाट वाकडी करून सातारा जिल्ह्यातील औंधला जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. यमाईच्या डोंगरावरील श्री भवानी वस्तुसंग्रहालय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली उभारले. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ येथे आहे. विराटाच्या घरी द्रौपदी दासी होऊन राहते, राणी सुदेष्णा तिला कीचकाकडे पाठवते आणि तिला जायचे नसते, ही गोष्ट घरी आधीच सांगून ठेवावी. मग चित्रापुढे उभे राहिल्यावर फक्त एवढेच विचारावे, की गोष्टीतला नेमका कोणता क्षण चित्रकाराने निवडला आहे आणि तो तुला कशावरून कळला. उत्तर येईपर्यंत थांबण्याची तयारी हवी. मूल मिनिटभर गप्प राहिले, की आपणच उत्तर देऊन टाकण्याची जी घाई मोठ्यांना असते, तिला आवर घालणे हे सर्वांत अवघड काम आहे. याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्पही आहे. डोळे, नाक, बोटे यांचे बारकावे गाळूनही ती आई कशी वाटते, यावर मोठ्या मुलांशी चांगली चर्चा होते.

उत्खननातील वस्तू अखेरीस ठेवण्याचे कारण असे, की त्या दिसायला साध्या असतात आणि त्यांची गोडी कळायला थोडी पूर्वतयारी लागते. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती आहे. भूमध्य समुद्राकाठचा हा देव कोल्हापुरात कसा आला, हा प्रश्न घेऊन मुलाने नकाशा उघडला, की सातवाहनकाळातील व्यापार समजायला सुरुवात झालीच. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, जेथील माल भडोचच्या बंदरातून पश्चिमेकडे जात असे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि मातीच्या मूर्ती पाहण्यासाठी सहावी-सातवीच्या पुढील मुलांना न्यावे. त्याहून लहान मुलांसाठी तेवढा प्रवास कष्टाचाच ठरेल. विदर्भातील पालकांना नागपुरात 1863 साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, अर्थात लोकांचा अजब बंगला, आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय जवळ आहे, तर कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंतांनी जपलेल्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेच्या, पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतात. पिंगुळीला वयाची कोणतीच अट नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाऊण तास आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला दीड तास पुरेसा होतो. त्यानंतर वस्तू कितीही मोलाची असली तरी बाहेर पडून खाऊ खावा. शासकीय संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुटी असते, तरी निघण्यापूर्वी चौकशी करावी. हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात, त्यामुळे दार उघडताच आत शिरलेले बरे. पिशव्या बहुतेक ठिकाणी दारातच ठेवाव्या लागतात. कोरी वही आणि शिसपेन्सिल आत नेता येते का ते विचारून घ्यावे. शाईचे पेन शक्यतो काढू नये. फोटोंची परवानगी असली, तरी मुलाच्या हाती मोबाइल देण्यापेक्षा एका वस्तूचे चित्र काढायला सांगावे, कारण चित्र काढताना ते वस्तूकडे दहा वेळा पाहते आणि फोटो काढताना एकदाही नीट पाहत नाही.

घरी परतल्यावर निबंध लिहायला लावू नये. त्यापेक्षा घरातलीच एखादी जुनी वस्तू, म्हणजे पितळी डबा, पानाचा डबा, बंद पडलेले घड्याळ किंवा पाटा-वरवंटा, फळीवर मांडून तिची पाटी मुलाला तयार करू द्यावी. वस्तूचे नाव, ती कशाची बनली आहे, कोणत्या काळातील आहे, कोठून आली आणि कोणी दिली, एवढे त्यात यावे. काळ नक्की ठाऊक नसेल तर आजोबांना विचारावे, आणि त्यांनाही आठवत नसेल तर संग्रहालयवाले लिहितात तसे ‘अंदाजे’ लिहून पुढे अंक टाकावा.