रानातल्या पिशवीत कुठलं जंतुनाशक ठेवावं?

जांबोटी-कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात होणाऱ्या जखमा ठरलेल्या: ओल्या जांभ्यावर घसरून सोललेला गुडघा, करवंदीच्या काट्यांचे ओरखडे आणि जळवा. एवढ्यासाठी शंभर मिलीची बाटली वाहून न्यायची गरज नाही.

पोव्हिडोन आयोडीनचं 10 टक्के द्रावण घ्या. त्यातलं 10 मिली नव्या, रिकाम्या ड्रॉपर बाटलीत भरा. बाटली धरून वजन पंधरा-वीस ग्रॅमच्या आसपास. बाटलीवर औषधाचं नाव आणि भरल्याची तारीख लिहाच, नाहीतर कुणीतरी डोळ्याचं औषध समजून घालेल. झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा. गळलं तर कपड्यांवरचा तपकिरी डाग सहज जात नाही. दर पावसाळ्याआधी बाटली बदला.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेसाठी नकोत. फेस आला की काम झालं असं वाटतं, पण दोन्ही चांगल्या मांसालाही इजा करतात. स्पिरिटचे बोळे चिमटा पुसायला ठेवा. डेटॉल वापरायचं तर वीसपट पाणी लागतं. कच्चं लावलं की कातडी भाजते. हळद स्वयंपाकघरातच बरी. जखमेत तिचा लगदा बसतो आणि खालची माती दिसेनाशी होते.

खरं काम पाणीच करतं. आधी स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून रक्त थांबवा, मधे उचलून बघू नका. मग पिण्याच्या पाण्याने धुवा, ओहोळाच्या लाल पाण्याने नको. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून बाटली दाबली की बारीक, जोरदार धार येते. खरचटलेल्या गुडघ्याला अर्धा लिटर तरी लागतं. जांभ्याचे कण राहिले तर चिमट्याने काढा. आता दुसरं झाकण भरून पाणी घ्या, त्यात पोव्हिडोन आयोडीनचे दहा थेंब टाका. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा आला की ते जखमेवर ओता आणि दोन मिनिटं थांबा. लगेच पुसलं तर औषध वाया. मग गॉज आणि पट्टी.

जळू काढताना मीठ, तंबाखू किंवा काडीचा चटका नको. त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तोंडाच्या कडेला नख सरकवून सोडवा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ते बराच वेळ वाहतं. घाबरू नका, धुऊन दाबून बांधा.

थायरॉइडचा आजार, आयोडीनची ॲलर्जी, गरोदरपण किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर आयोडीन टाळा, नुसत्या पाण्यावर भागवा. खोल टोचलेल्या जखमेला आणि गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन न घेतलेल्यांना दवाखाना गाठावाच लागतो. माकड किंवा कुत्रा चावला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, आयोडीन लावा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.