म वरून प वर कसं जायचं: बासरीच्या पहिल्या वर्षातल्या पोरांसाठी

मिरजेतल्या एका संगीत विद्यालयात मी बासरीचा वर्ग घेते. जूनमध्ये नवी पोरं येतात आणि दिवाळीपर्यंत बहुतेकांचं एकाच जागी अडतं. सा रे ग म छान वाजतं, प आला की एक तर शिट्टी, नाहीतर नुसती हवा. मग घरचे म्हणतात, रियाज वाढव. पण पोरगं अख्खी सरगम वर-खाली वाजवत बसतं आणि अडलेली जागा प्रत्येक फेरीत क्षणभरच येऊन जाते. त्या क्षणावरच मुक्काम कसा टाकायचा, ते सांगते.

आधी बासरी कोणती, ते बघू. जत्रेतली रंगीत बासरी धाकट्या भावाला देऊन टाका, तिचे सूर खरे नसतात. विकत घेताना पट्टी, म्हणजे बासरीचा सा कुठल्या सुरावर आहे, ते सांगून घ्या. मैफलीत दिसते ती साधारण पांढरी तीनची, म्हणजे जिचा सा पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर असतो ती, अडीच फुटांच्या आसपास. नऊ-दहा वर्षांच्या हाताला पांढरी पाच किंवा पांढरी सहा बरी. पालकांना मात्र लांब बासरीचीच भारी हौस! ती लांब बासरी शास्त्रीय मैफलीत रुजवली पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०), आणि त्यांचे हात काय चौथीतल्या पोराचे नव्हते. पुढचे दुधाचे दात पडत असतील तर नवे येईपर्यंत थांबा, घाई कशाला? आणि हरिप्रसाद चौरसिया डावीकडे बासरी धरतात म्हणून व्हिडिओ बघून तुम्हीही डावीकडे धरलीत तरी माझी हरकत नाही. भोकं एका रेषेत असतात, दोन्हीकडून चालतं. फक्त एकदा ठरलं की बदलू नका.

आता दुखणं कुठं आहे ते बघा. सा ला वरची, म्हणजे तोंडाकडची, तीन भोकं बंद, रे ला दोन, ग ला एक. शुद्ध म ला तेही अर्धंच झाकलेलं, तीव्र म ला, म्हणजे त्याहून चढ्या म ला, सगळी उघडी. म्हणजे म पर्यंत एकेक बोट उचलत आलात. पुढचा प मात्र सहाच्या सहा बंद करून. त्यात तीच बोटं ठेवून हळू फुंकलं की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, प वाजतो, मधला प हवा असेल तर फुंकही बदलावी लागते. एकाच क्षणी बोटं आणि ओठ दोन्ही हलवायचे. पेटीवाल्यांना हे दुखणं नाही, ते आपले पुढची पट्टी दाबून मोकळे.

म्हणून दोन्ही कामं वेगळी काढायची. पहिल्यांदा ओठ. सहाही भोकं झाकून मंद्र प धरा. तो येतच नसेल तर हवा गळतेय. बोटं जरा दाबून ठेवा, मग उलटी करून बघा: प्रत्येक बोटावर भोकाचा पूर्ण गोल वळ हवा. अर्धा चंद्र दिसला तर चोर तिथं आहे. बहुतेक वेळा ती खालच्या हाताची अनामिका असते. बोटांच्या टोकांनी भोकं झाकू नका, बोटं सपाट ठेवून गादीनं झाका. मंद्र प स्थिर झाला की बोटं न हलवता ओठांची फट बारीक करा, हवा थोडी वेगानं सोडा. मधला प लागेल. परत खाली या. जोरात फुंकून वर गेलात तर प किंचाळतो आणि चढतोही. फट बारीक करायची, जोर नाही लावायचा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर बासरी खाली ठेवून बसा. सुरुवातीला होतं तसं.

मग नुसती बोटं, फुंक न मारता. म च्या जागेवर या आणि सहाही बोटं एकदम टाका. नळीतून एकच ‘टप्’ ऐकू यायला हवा. ‘टर्रर्र’ झालं तर बोटं मागंपुढं पडताहेत, आणि फुंकल्यावर म आणि प च्या मध्ये जे नको ते सूर चिवचिवतात, ते यामुळंच. बोटं भोकांपासून फार वर उडवू नका, जवळच तरंगू द्या. म ला एवढी भोकं उघडी असताना बासरी डुगडुगते, तेव्हा तिला अंगठ्यांनी आणि हनुवटीजवळ टेकून आधार द्यायचा. हा ‘टप्’ टीव्ही बघताना करा, कुणाची झोपमोड होत नाही. आजी दुपारची पडलेली असताना तर हाच करा.

आता जोडायचं. आधी ग वाजवा, फुंक थांबवा, बोटं टाका, ओठ जुळवा, मग प. मधला थांबा हळूहळू कमी करत न्या. म-प च्या आधी ग-प घ्या, कारण ग ला पहिलं भोक पूर्ण झाकलेलं असतं आणि बासरी हातात ठरते. म्हणूनच मी पहिला राग भूप देते. त्यात म नाहीच, ग-प मात्र सारखं येतं. मग दुर्गा, तिथं शुद्ध म वरून प. यमन त्यानंतर. पोरांना यमन आधी हवा असतो, पण तीव्र म ला सगळी बोटं हवेत असतात, तिथून प वर उतरणं सगळ्यात अवघड.

तंबोरा लावल्याशिवाय यातलं काही करू नका. तंबोऱ्यांच्या गावात राहतो आपण, तरी मोबाईलवरचा चालेल, फक्त आपल्या बासरीची पट्टी लावा. डिसेंबरात सकाळी बासरी उतरलेली वाटली तर आपटू नका तिला. थंड हवेत सूर उतरतोच. भोकं झाकून चार-पाच वेळा आत ऊबदार श्वास सोडा आणि मग सूर मिळवा.

एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर आला की गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षेची धावपळ सुरू होते. प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, बसताय म्हणून महिनाभर फक्त बंदिश घोटत बसू नका. बंदिशीत प येतोच, आणि कच्चा असला की तिथंच कळतो. ‘टप्’ रोज राहू द्या. हातावर तीनताल, दादरा, केरवा हे ताल धरता यायला हवेत, ते शाळेच्या वाटेवरही होतं.

वाजवून झालं की काडीला मऊ कापड गुंडाळून आतला ओलावा पुसा. उन्हाळ्यात मधूनमधून मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचे दोन थेंब आतून फिरवा. खोबरेल नको, थंडीत थिजतं. आणि एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत बासरी ठेवलीत तर तडा जाणार, मग बासरीवर गुंडाळलेले दोऱ्याचे बंध कितीही घट्ट असोत.