चिपरहित टॅग वाचायला बसण्यापूर्वी

चिपरहित आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचायची, आत चिप नसलेली ओळखपट्टी) आपणहून बोलत नाही. त्याचे रेझोनेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला कंप पावणारे धातूचे आकार, आपापल्या फ्रिक्वेन्सीला परतीच्या लहरीवर खूण उमटवतात, आणि आजूबाजूच्या परावर्तनांपुढे ती अगदी क्षीण असते. म्हणून सगळ्यात जपायची ती टॅग न ठेवता घेतलेली रिकामी मोजणी, जी नंतर टॅगच्या मोजणीतून वजा करायची असते. ती बिघडली तर पुढचा कुठलाही अल्गोरिदम कामाला येत नाही.

व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, लहर पाठवून तिचा परतावा मोजणारं यंत्र) किमान अर्धा तास आधी चालू करून ठेवा. तापायच्या आत केलेलं कॅलिब्रेशन सरकतं. कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करा, कनेक्टर टॉर्क पान्याने आवळा आणि लगेच केबल टेबलाला चिकटपट्टीने जखडा. हा अट्टाहास वाटेल, पण फेज (लहरीची कला) नुसती 1 अंश हलली तरी वजाबाकीनंतर मूळ पार्श्वभूमीच्या 35 डीबी (डेसिबल) खाली उरणारा गाळ टॅगच्या सिग्नलएवढा असू शकतो. गेटिंग (ठरावीक वेळेत आलेला परतावाच ठेवून बाकीचा काढणं) त्यातला बराच भाग कापतं, सगळा नाही.

स्वीप 3 ते 9 गिगाहर्ट्झ, 1601 बिंदू, आयएफ बँडविड्थ (यंत्राच्या आतल्या गाळणीची रुंदी) 1 किलोहर्ट्झ. बिंदूंमधलं अंतर 3.75 मेगाहर्ट्झ येतं, म्हणजे सुमारे 267 नॅनोसेकंदांची खिडकी; एवढ्या वेळात आलेले प्रतिध्वनी वेगळे ओळखता येतात. प्रयोगशाळेला ती पुरून उरते. बिंदू 101 वर आणले तर खिडकी जेमतेम 17 नॅनोसेकंदांची होते आणि लांबच्या भिंतीचा प्रतिध्वनी गुंडाळून टॅगच्या जागी येऊन बसतो.

एक हॉर्न अँटेना उभ्या आणि एक आडव्या पोलरायझेशनला (लहरीच्या कंपनाच्या दिशेला) लावा, टॅगचे रेझोनेटर 45 अंशांत ठेवा. सपाट खोकं किंवा भिंत पोलरायझेशन फारसं फिरवत नाही, त्यामुळे त्यांचा परतावा इथेच बराच गळतो. टॅग थर्माकोलच्या स्टँडवर, 40 सेंटिमीटरवर. अंतर दुप्पट केलं की 12 डीबी जातात, तेव्हा सुरुवातीलाच लांब जायची हौस नको. टॅगमागे दोन-अडीच मीटर मोकळं ठेवा, लहरींचे शोषक लावा आणि मोजणी चालू असताना त्या पट्ट्यात कुणी फिरू देऊ नका. वजाबाकीने स्थिर वस्तू जातात, माणसं जात नाहीत.

टॅग एफआर4 वर (सर्किट बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लास) छापलेले असतील तर लॉस टँजंट (पदार्थात किती ऊर्जा वाया जाते त्याचं माप) 0.02 च्या आसपास असल्याने खूण पसरट मिळेल, हे गृहीत धरा. क्यू (खूण किती टोकदार आहे त्याचं माप) 100 असेल तर 5 गिगाहर्ट्झला खुणेची रुंदी 50 मेगाहर्ट्झ होते. शेजारच्या दोन स्लॉटांमध्ये (स्लॉट म्हणजे एका बिटाची फ्रिक्वेन्सीची जागा) किमान 150 मेगाहर्ट्झ अंतर ठेवा. सगळे बिट 1 असलेला आणि सगळे 0 असलेला असे दोन टॅग हाताशी हवेतच. अँटेनाचा गेन फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, त्यामुळे बिट 1 की 0 हे ठरवणारा एकच उंबरठा सगळ्या पट्ट्याला चालत नाही. प्रत्येक स्लॉटचा उंबरठा या दोघांवरून ठरवा.

कोडमधला क्रम असा: रिकामी मोजणी वजा, हॅन विंडो (पट्ट्याची टोकं हळूहळू शून्यावर आणणं), व्यस्त एफएफटी (फ्रिक्वेन्सीवरून वेळेत जाणं), गेट, परत एफएफटी (पुन्हा फ्रिक्वेन्सीत). 40 सेंटिमीटरवरच्या टॅगच्या पृष्ठभागाचा परतावा अँटेनापासून 2.7 नॅनोसेकंदांवर येतो. त्यात बिटांची माहिती फारशी नसते; ती मागून रेंगाळणाऱ्या कंपनात असते, म्हणून गेट एखादा नॅनोसेकंद उशिरा उघडा आणि 10 ते 15 नॅनोसेकंद उघडं ठेवा. उघडल्यावर 2 नॅनोसेकंदांतच बंद केलंत तर रिझोल्यूशन 500 मेगाहर्ट्झवर घसरतं आणि तीन-चार बिट एकात मिसळतात. शून्यं भरून एफएफटी लांबवली की आलेख गुळगुळीत दिसतो, रिझोल्यूशन मात्र तेवढंच राहतं. मॅट्रिक्स पेन्सिल (सिग्नलमधली विरत जाणारी कंपनं वेगळी काढणारी पद्धत) वापरणार असाल तर पोलची, म्हणजे अशा कंपनांची, संख्या सिंग्युलर व्हॅल्यू (प्रत्येक घटकाचं वजन सांगणारे आकडे) जिथे कोसळतात तिथे थांबवा, आणि क्यू अवाजवी आलेले पोल सरळ फेकून द्या.

टॅग शेवटी ज्या वस्तूवर चिकटणार, त्याच पुठ्ठ्यावर किंवा प्लॅस्टिकवर मोजणी पुन्हा घ्या. पाठीमागचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारा पदार्थ) सगळ्या खुणा खालच्या फ्रिक्वेन्सीकडे ओढतं. पट्ट्याच्या टोकाला कायम 1 असणारा एक संदर्भ रेझोनेटर राखून ठेवलात तर तो किती सरकला यावरून बाकीच्यांची अंदाजे दुरुस्ती होते. धातूच्या डब्यावर मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे पाठीला धातूचा ग्राउंड थर असलेली वेगळी रचनाच लागते.