जुनी एमजीबी सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी या चुका टाळा

एमजीबी ही दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात बनली. तिच्या वायरिंगची बदनामी फार झाली आहे आणि मला ती अन्यायाची वाटते. मुळात वायरिंग अगदी साधं आहे. पन्नास-साठ वर्षांत सांधे गंजतात, आणि गाडी तिथेच अडते. त्यामुळे सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' झालं की थेट बॅटरीच्या दुकानात जाऊ नका. आधी मल्टिमीटर काढा.

1974 पर्यंतच्या बहुतेक गाड्यांमध्ये सीटच्या मागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एकीला दुसरी जोडलेली. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही टोकांवर मिळून 12.4 व्होल्ट दिसले की समाधान मानणं. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, आणि तीही कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून. एक 5 च्या वर टिकली आणि दुसरी 3 वर कोसळली, तर दोषी सापडली. पण बदलताना जोडीच बदला, कारण जुनी बॅटरी नवीलाही आपल्याबरोबर खाली ओढते. दोघींना जोडणारी केबलही बघा. ती खाली रस्त्याच्या चिखलपाण्यात असते आणि लगच्या (टोकाच्या धातूच्या जोडाच्या) आत गंजते, वरून मात्र ठणठणीत दिसते.

आता अर्थिंग, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून सेल्फचा करंट परत जायला इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामधली जाड पट्टी लागते. क्लचचं काम करताना ती काढतात आणि परत लावायची राहते. मग करंट चोक नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना ती केबल गरम होत असेल, तर दुसरा पुरावा नको. तपासायला इग्निशन कॉइलला (स्पार्क तयार करणाऱ्या भागाला) करंट देणारी बारीक वायर काढून तिचं टोक टेपने झाका, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, की पट्टी, बोल्ट, क्लॅम्प पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. मुंबई-गोव्यासारख्या दमट हवेत हे दर पावसाळ्याआधी करावं.

1967 पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक. नंतर अनेकांनी त्या बदलून घेतल्या. त्यामुळे गाडीचं वर्ष बघून अंदाज करू नका, चार्जर किंवा जंप केबल लावण्याआधी कुठलं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी बघा. त्याच काळातल्या डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) गाडीत आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला, तर घाबरायचं कारण नाही. रेस दिल्यावर विझला पाहिजे. नंतरच्या अल्टरनेटरच्या गाडीत इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. आणि चार्जिंग होतंय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीची केबल कधीच काढू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

फ्यूजची चूक तर आगीपर्यंत नेते. जुन्या ब्रिटिश फ्यूजवरचा 35 हा आकडा तो उडण्याचा आहे, सतत सोसायचा करंट त्याच्या निम्मा, 17 अँपिअर. आजच्या पद्धतीचा 35 अँपिअरचा फ्यूज बसवला तर त्याच्याआधी वायर जळेल. बॅटरीकडून थेट येणाऱ्या तपकिरी वायरींना तर मुळात फ्यूजच नसतो. तिथे काम करताना बॅटरीची बॉडीकडची केबल आधी काढा.

गाडी उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर तीच केबल काढून मध्ये अ‍ॅमीटर लावा आणि एकेक फ्यूज काढत जा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका. सगळे फ्यूज काढूनही करंट दिसला, तर अल्टरनेटरची वायर सोडून बघा.