मार्गदर्शिकेतील पुसट स्क्रीनशॉट

नागपुरातील आमच्या पतसंस्थेसाठी पावती-नोंदणीची मार्गदर्शिका तयार करताना स्क्रीनशॉट संगणकावर स्वच्छ दिसत; मात्र सीताबर्डीहून छापून आणल्यावर ‘जतन करा’ या बटणावरील मात्रा आणि अनुस्वार पुसट झालेले असत. कारण दुहेरी निघाले: चित्रे जेपेग स्वरूपात होती, ज्यात अक्षरांच्या कडांभोवती डाग उमटतात, आणि आमच्याकडील वर्ड हा प्रोग्राम फाइल जतन करताना चित्रांची स्पष्टता आपोआप २२० पीपीआयपर्यंत (दर इंचातील पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके) उतरवत होता. म्हणून आता ‘ऑल्ट’ व ‘प्रिंट स्क्रीन’ या कळा एकत्र दाबून केवळ समोरची विंडो टिपतो, पेंटमध्ये पीएनजी स्वरूपात (ज्यात असे डाग उमटत नाहीत) साठवतो आणि वर्डच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्यायांत चित्रे कॉम्प्रेस न करण्याच्या चौकटीवर खूण करतो. खाते क्रमांक मात्र धूसर न करता भरीव काळ्या पट्टीने पेंटमध्येच झाकतो, कारण वर्डमध्ये वर ठेवलेली पट्टी कोणीही सरकवू शकतो. खरे तर नमुना खाते उघडून चित्रे घेणे अधिक सोयीचे.