वक्तृत्वाचा प्रशिक्षक नेमताय? या चुका टाळा

प्रशिक्षकाचं व्याख्यान ऐकून भारावून जायचं आणि कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगचं काम त्यालाच देऊन टाकायचं, ही सर्रास होणारी चूक. व्याख्यानातून एवढंच कळतं की या माणसाला बोलता येतं. दुसऱ्याला बोलतं करता येतं का, ते त्यातून कळत नाही. आणि कंपनीला गरज असते ती नेमकी त्याचीच.

म्हणून नेमण्याआधी डेमो मागा, पण भाषणाचा नव्हे. आपले दोन कर्मचारी, त्यांना विचारून, त्याच्यासमोर उभे करा. एक पुढे यायलाच घाबरणारा, दुसरा एकदा सुरू झाला की न थांबणारा. अर्धा तास द्या आणि नजर प्रशिक्षकावर ठेवा. तो मध्येच तोडतो की ऐकून घेतो? ‘आत्मविश्वास वाढवा’ असं म्हणून सोडून देतो, की ‘आकडा सांगण्याआधी थांबा, समोर बघा, मग आकडा सांगा’ अशी हाती लागेल अशी सूचना देतो? सूचना दिल्यावर तोच भाग लगेच पुन्हा बोलून घेतो का? घाबरणारा माणूस दुसऱ्या खेपेला थोडा जरी मोकळा झाला, तरी प्रशिक्षक कामाचा आहे असं मी मानते.

प्रमाणपत्रांवर किती विसंबायचं?

डॉक्टरला लागतो तसा परवाना या कामाला सहसा लागत नाही, कोणीही स्वतःला प्रशिक्षक म्हणवू शकतं. म्हणून प्रमाणपत्र कशाचं आहे ते विचारा. टोस्टमास्टर्स ही संस्था १९२४ पासून चालू आहे. तिच्या क्लबांमध्ये सभासद भाषणं करतात आणि एकमेकांच्या भाषणांचं मूल्यमापन करतात. तिथला ‘डिस्टिंग्विश्ड टोस्टमास्टर’ हा सर्वोच्च किताब मिळवणाऱ्याने भरपूर सराव केलेला असतो, नवख्यांना मार्गदर्शनही केलेलं असतं. ही जमेची बाजू आहेच. तरी ऑफिसातल्या माणसाला तिमाही अहवाल मांडायला शिकवणं हे वेगळं काम आहे, त्यामुळे डेमो टाळू नका.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५’ हे तुम्ही शिकवता का? हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो वापरून समोरच्याच्या भावना कशा ओळखल्या जातात ते तपासलं होतं. हे आकडे सगळ्या संवादाला लागू होत नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलं आहे. जो प्रशिक्षक ते ठामपणे सांगतो, तो हातवाऱ्यांवर दिवस घालवण्याची शक्यता मोठी. इकडे तुमच्या माणसाचा मुद्दाच विस्कळीत असतो, आणि तो तसाच राहतो.

मोठी बॅच, थोडा सराव

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा गणित मांडते. बॅच ३० जणांची, वेळ ६ तास. त्यातला निम्मा वेळ प्रशिक्षक बोलला तर उरली १८० मिनिटं, म्हणजे माणशी ६. त्यातच उठून पुढे येणं, स्लाइड लावणं, बोलणं आणि सूचना ऐकणं. सुधारून पुन्हा बोलायला वेळच नाही! तेच १० जण असतील तर माणशी १८ मिनिटं मिळतात, आणि दुसरी खेप शक्य होते. सभाधीटपणा त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेतच येतो, ऐकून येत नाही. प्रस्ताव आला की पहिल्यांदा हेच शोधा: प्रत्येक जण किती मिनिटं आणि किती वेळा बोलणार?

अख्खा दिवस एकदाच उरकण्यापेक्षा दोन-दोन तासांची तीन सत्रं आठवड्याच्या अंतराने घेतलेली बरी. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. शिवाय मधल्या आठवड्यात खऱ्या मीटिंगमध्ये करून बघता येतं.

सराव चालू असताना साहेबांना मागे बसवू नका. व्हिडिओ घेणार असाल तर तो कोण बघणार आणि कधी पुसणार, हे आधीच सांगा.

एखादा कर्मचारी तोतरेपणामुळे अडखळत असेल, तर त्याला या वर्गात रेटू नका. ते काम स्पीच थेरपिस्टचं आहे. चांगला प्रशिक्षक हे स्वतःहून सांगतो.

ट्रेनिंग झालं, फरक मात्र दिसत नाही

शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल आणि परिणाम. फॉर्म फक्त पहिली पायरी सांगतो. ट्रेनिंगआधी प्रत्येकाचं ३ मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि सहा आठवड्यांनी त्याच विषयावर पुन्हा बोलायला लावा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की फरक कळतो.

वर्गात सुधारणा दिसते आणि मीटिंगमध्ये माणसं गप्पच, असं असेल तर प्रशिक्षक बदलण्याची घाई करू नका. आधी त्या मीटिंगमध्ये जाऊन बसा आणि मोजा: कोणाचं वाक्य किती वेळा मध्येच तोडलं जातं, आणि तोडतं कोण. बहुतेक वेळा ते एक-दोन वरिष्ठच असतात. पुढचं सत्र त्यांच्यासाठी ठेवा, विषय ऐकून घेण्याचा.